मुले वगळून अंगणवाडी: नव्या सेविकाताईंसाठी सोपे मार्गदर्शन

अभिनंदन, ताई! निवड यादीत तुमचे नाव लागले. बारावीचे गुणपत्रक, रहिवासी दाखला, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र सगळे जमले. हरकत घेणारी भावकीही चार फेऱ्यांनंतर गप्प बसली. आता तुमच्या हाती एक किल्ली, एक मोबाइल आणि गावातली सहा वर्षांखालची झाडून सगळी मुले आली आहेत. घाबरू नका. हे काम सोपे आहे. इतके सोपे, की सरकार त्याला नोकरी म्हणायलाच तयार नाही.

पुढच्या सूचना क्रमाने वाचा. वाचताना पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला तर आधी तो घ्या. मुले रडत असली तर रडू द्या. त्यांचा नंबर आठवा आहे.

१. आपण कोण, या भानगडीत पडू नका.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधी जयंतीचा मुहूर्त धरून सुरू झाली. तेव्हापासून तुमची जात एकच: मानसेवी. कागदावर तुम्ही अर्धवेळ. त्यामुळे तुम्हाला वेतन नाही, वेतनश्रेणी नाही, महागाई भत्ता नाही. मिळते ते मानधन. २०१८ पासून केंद्राने सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनीसताईंसाठी २,२५० रुपयांवर बोट ठेवले, उरलेले राज्याने आपापल्या ऐपतीने घालायचे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकेचे ८,३२५ वरून १०,००० केले आणि मदतनीसताईंचे ४,४२५ वरून ५,५००. टाळ्या झाल्या. त्याच वर्षी ४ डिसेंबरला राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस बाहेर राहिल्या. यावरून टाळ्या कोणी वाजवल्या होत्या हे कळावे.

आता कुणी म्हणेल, अर्धवेळ मानसेवी बाई आहे, चार दिवस नाही आली तर काय बिघडले? इथे सावध राहा. मार्च २०१८ मध्ये याच बायकांना सरकारने मेस्मा लावला होता, म्हणजे अत्यावश्यक सेवा. संप केला तर गुन्हा. विधिमंडळात ओरड झाली तेव्हा स्थगिती दिली. तेव्हा हे पाठ करून ठेवा: पगाराच्या दिवशी तुम्ही स्वयंसेवक, संपाच्या दिवशी तुम्ही अत्यावश्यक. मधल्या दिवसांत तुम्ही 'ओ ताई, जरा इकडे या.'

२. जागा मिळवा.

इमारत असेल तर नशीब काढलेत. नसेल तर समाजमंदिर, देवळाचा मंडप, शाळेने टाकून दिलेली खोली, नाहीतर तुमच्याच घरची पडवी, यांतून निवड करा. समाजमंदिरात लग्न असले की अंगणवाडी देवळात हलवा. देवळात सप्ता बसला की झाडाखाली. मुंबईच्या वस्तीत असाल तर दहा बाय दहाची भाड्याची खोली शोधा. भाडे सरकार देते, पण घरमालकाला ज्या महिन्यात हवे असते त्या महिन्यात देत नाही. तेवढ्यापुरते तुम्ही द्या. घरमालक भला माणूस असतो. तो मुलांना काही बोलत नाही, फक्त बाराला खोली रिकामी करून मागतो.

भिंतीवर हत्ती, ससा, फुलपाखरू आणि आंबा काढून घ्या. आंब्याखाली 'आ' लिहा. पाहणीला येणारा प्रत्येक अधिकारी प्रथम आंब्याजवळ उभा राहतो.

३. मोबाइल सांभाळा. हेच तुमचे खरे बाळ.

या बाळाला दिवसातून चारदा पाजावे लागते (चार्जर स्वतःचा, वीज स्वतःची), रेंज दाखवायला फिरवून आणावे लागते आणि ते कधी अंग टाकील याचा नेम नसतो. २०१९ मध्ये राज्याने जे हँडसेट दिले त्यांची रॅम दोन जीबीची. त्यानंतर २०२१ साली केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप आले ते फोनच्या पोटात मावेना. मावले तर उघडेना, उघडले तर सगळे इंग्रजीत. बाळाचे नाव इंग्रजीत, आईचे इंग्रजीत, आजाराचेही इंग्रजीत. मेळघाटातल्या सेविकेने घरी कोरकूत विचारायचे, वहीत मराठीत लिहायचे आणि ॲपमध्ये इंग्रजीत भरायचे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे मोबाइल गोळा करून प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत दिले. हजारो बायका एकाच वेळी सरकारी वस्तू न मागता परत करतात, हे दृश्य कार्यालयाने आधी कधी पाहिले नव्हते. पावती कुठल्या नमुन्यात द्यायची यावर बराच काथ्याकूट झाला असेल.

आता त्याच ॲपमध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली आहे. घरपोच आहाराचे पाकीट योग्य बाईलाच मिळावे म्हणून तिचा चेहरा आधारवरच्या चेहऱ्याशी जुळवायचा. कृती अशी:

बाईला गाठा. ती घरी नसते. रानात जा. ती कापूस वेचत असते, डोक्याला फडके, ओट्यात कापूस, बांधावरच्या झोळीत पोर. फडके काढायला सांगा. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, दोन वेण्यांचा. समोरची बाई दोन बाळंतपणांनंतरची. ऊन तोंडावर घ्या, नको, पाठीशी घ्या. ॲप म्हणते, डोळे मिचकवा. सासू शेजारच्या ओळीतून बघत असते. सून मोबाइलकडे बघून डोळे कशी मिचकावणार? ती लाजून मान खाली घालते. ॲप म्हणते, चेहरा जुळत नाही. पुन्हा करा. तिसऱ्या वेळी सासूच म्हणते, 'मिचकव गं बाई एकदाचे, कापूस राहिलाय.'

चेहरा जुळला! आता ओटीपी. तो जातो नवऱ्याच्या नंबरवर. नवरा ऊसतोडीला कोल्हापूरकडे. बाळंतीण म्हणून ही मागे राहिली. फोन लावा. तो फडात असतो, दोन वेळा उचलत नाही, तिसऱ्यांदा कोयता खाली ठेवून विचारतो, 'कोन?' तुम्ही म्हणता, अंगणवाडीतून बोलतेय, एक नंबर आलाय तो सांगा. तो म्हणतो, 'ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, ताई.' त्याचे बरोबर आहे. गेल्याच महिन्यात बचत गटाच्या बैठकीत बँकेच्या साहेबांसमोर हे गावाला तुम्हीच शिकवलेत. आता त्याला उलटे शिकवा. तोवर ओटीपीची मुदत संपते. नवा मागवा.

ही झाली एक बाई. यादीत अजून आहेत. रिचार्जचे पैसे मिळतात, पण रिचार्ज संपल्यानंतर मिळतात.

४. वजन घ्या.

स्प्रिंगचा काटा तुळईला टांगा. खाली चड्डीच्या आकाराची झोळी अडकवा. काटा शून्यावर आणा. आता आईला बाळाचे कपडे काढायला सांगा. झबले निघते. टोपडे निघते. कमरेचा करदोडा निघत नाही. पायातले वाळे निघत नाहीत. मनगटातले काळे मणी तर मुळीच नाहीत: 'नजर लागंल, ताई.' इथे वाद घालू नका. करदोडा, वाळे आणि मणी मिळून किती ग्रॅम होतात हे अनुभवाने कळते, तेवढे मनात वजा करा. ही वजाबाकी कुठल्याही प्रशिक्षणात नाही.

बाळाचे पाय झोळीत घालताच ते किंचाळते. काटा सहा किलो आठशेवरून सात सहाशेवर, तिथून पुन्हा सहा पाचशेवर. काटा स्थिर झाल्यावरच वाचन घ्यावे, असे मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. ती लिहिणाऱ्यांच्या घरची बाळे शांत असावीत. तुम्ही एक हात बाळाच्या पाठीखाली धरा (टेकवू नका, वजन कमी भरेल), तोंडाने 'चिऊताई बघ, चिऊताई' म्हणा, डोळा काट्यावर ठेवा. बाळ श्वास घ्यायला थांबते त्या क्षणी आकडा पकडा. त्याच क्षणी ते शू करते. आता वजन शूच्या आधीचे लिहायचे की नंतरचे, हा शास्त्रीय प्रश्न आहे. पदर पुसा आणि आधीचे लिहा.

मग दंडघेराची पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरले तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळे, त्यापुढे हिरवे. लाल म्हणजे सॅम, पिवळे म्हणजे मॅम. गावात ही नावे आता पेटंट झाली आहेत. 'तुमचं कोन हाय?' 'मॅम हाय.' 'आमचं मागल्या महिन्यात सॅममधून निघालं.'

इथून पुढे नवशिक्या ताई चुकतात, म्हणून नीट ऐका. लाल मूल सापडले तर मासिक मीटिंगमध्ये तुम्हाला उभे करून विचारतील, 'ताई, तुमच्या गावात सॅम कसे काय?' जणू ते तुम्ही घरी बनवून आणले. पुढच्या महिन्यात एकही सापडले नाही तर विचारतील, 'शून्य? शून्य कसं शक्य आहे? वजनं घेता की घरी बसून भरता?' तेव्हा कुपोषण बेताचे असावे. एखाद-दुसरे लाल, पाच-सात पिवळे, आणि दर महिन्याला एक पिवळे हिरव्यात न्यावे. प्रगती दिसते, संशय येत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. ॲपवरचे आकडे त्याहून कितीतरी गोड असतात. पाहणीवाल्यांना पुढच्या महिन्याच्या मीटिंगला जायचे नसते.

आणि खरोखरच लाल मूल असेल तर? तर तुम्ही त्याच्या आईला म्हणाल, जिल्ह्याच्या दवाखान्यात पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस राहा. ती म्हणेल, घरी अजून दोन आहेत, त्यांना तुम्ही बघता का? तुम्ही गप्प बसाल. मग तिचे पोर रोज अर्धा तास आधी बोलवाल आणि मऊ भात, तूप, केळे असे काहीबाही स्वतः बसून भरवाल. तूप कुठून आले हे रजिस्टरमध्ये लिहू नका. त्याला रकाना नाही.

५. आहार द्या.

तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, आणि हे बसवायचे ८ रुपयांत. मूल तीव्र कुपोषित असेल तर ८०० उष्मांक आणि १२ रुपये. हे दर २०१७ साली ठरले. तूरडाळीला मात्र तेव्हा कुणी थांब म्हणाले नाही, ती पुढे चालत राहिली. तालुक्याच्या स्टँडवर ८ रुपयांत कटिंग चहाही येत नाही, पण स्टँडवरचा चहावाला मानसेवी नाही.

सकाळी लापशी किंवा लाडू, दुपारी खिचडी किंवा उसळ. शिजवायचे काम बचत गटाचे. गटाचे बिल तीन महिने थकले की गटाच्या अध्यक्षा तुमच्या दारात येतील. जिल्हा परिषदेच्या दारात त्यांना कुणी ओळखत नाही, तुम्हाला त्या लहानपणापासून ओळखतात. त्यांना चहा द्या. किराणा दुकानदाराला तुमची जामीन द्या. खिचडीत डाळ कमी दिसली तर ढवळून वाढा.

तीन वर्षांखालच्यांना आणि गरोदर-स्तनदांना पाकिटे घरी द्यायची असतात. ती खाल्ली जावीत म्हणून पाककृतींचे प्रात्यक्षिक घ्या: प्रीमिक्सचे थालीपीठ, प्रीमिक्सचे लाडू, प्रीमिक्सचा शिरा. सगळ्या जणी चव घेऊन 'छान झालंय' म्हणतील. संध्याकाळी गोठ्यांकडे फिरकू नका. काही गावांत म्हशींची तब्येत अतिशय समाधानकारक आहे.

६. इतर कामे.

तुमच्या सहा सेवा ठरलेल्या आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. त्या झाल्या की मोकळ्या वेळात पुढील कामे करा.

मतदार यादी. पल्स पोलिओचा बूथ, आणि बूथवर न आलेल्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी फेरी. कुणाच्या घरी शौचालय आहे, कुणाचे आहे पण त्यात सरपण आहे, कुणाचे फक्त फोटोपुरते आहे. जंताच्या गोळ्या. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आले तेव्हा दुसऱ्यांची कुटुंबे मोजायची जबाबदारी बहुतेक तुमची आणि आशाताईंची होती. हातात ऑक्सिमीटर, तोंडाला साडीचा पदर, आणि दारातून आवाज: 'तुम्हीच आणाल करोना, लांबून बोला.'

मग २०२४ चा जुलै उजाडला आणि लाडक्या बहिणींचे अर्ज आले. प्रत्येक अर्जामागे ५० रुपये जाहीर झाले. (जाहीर झालेले आणि खात्यात आलेले यांच्यात मुक्काम असतो. वाट पाहा.) दिवसभर खिचडी, संध्याकाळी अर्ज, रात्री दोनला सर्व्हर जरा हलका असतो तेव्हा अपलोड. गावातल्या बायका तुम्हाला हळदी-कुंकवाला पहिल्या रांगेत बसवू लागल्या. सुख लुटून घ्या, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच घरी तुम्हालाच परत जायचे होते. यावेळी काम असे: अपात्र बहिणी गाळायच्या, म्हणून कुणाच्या दारात चारचाकी उभी आहे ते पाहून लिहा. बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या बाईने गोठ्यामागे ताडपत्रीखाली बोलेरो आहे की ट्रॅक्टर, हे वाकून पाहायचे. चुलत दिराची निघाली तर? लिहा. जाऊ बोलायची बंद होईल, पण तेवढाच मोबाइलला वेळ मिळेल.

७. साहेब येणार असतील तेव्हा.

आदल्या दिवशी कळते. आदल्या दिवशी कळले नाही तर गाडीचा धुरळा वेशीवर दिसतो. मदतनीसताईंना गल्लीत पिटाळा. चौथीतल्या दोन मुली, आत्याकडे आलेला पाहुणा पोरगा, मिळेल तो आणून सतरंजीवर बसवा. पटावरची संख्या आणि सतरंजीवरची संख्या जुळणे हा योगायोग मानला जातो.

साहेब विचारतील, 'आज काय खाल्लं?' मूल म्हणेल, 'वडापाव.' हसा.

पोषण माह असला, म्हणजे सप्टेंबर, तर काम रंगते. २०१८ पासून दर वर्षी हा महिना येतो. प्रभात फेरी, रांगोळी, रानभाज्यांचे प्रदर्शन, हात धुण्याचे प्रात्यक्षिक, डोहाळजेवण, उष्टावण. एका कार्यक्रमाला २५० रुपये. त्यात गरोदर बाईची ओटी भरायची, पाच फळे ठेवायची, औक्षण करायचे, बायकांना चहा द्यायचा आणि बॅनर लावायचा. बॅनरच ३०० चा होतो. यावर जाणत्या सेविकांनी तोडगा काढलेला आहे: तारखेची जागा कोरी असलेला बॅनर एकदाच करून घ्या आणि खडूने तारीख लिहा. फळे फोटोनंतर पुढच्या वाडीला पाठवा, तिथे अर्ध्या तासाने डोहाळजेवण आहे.

फोटोत अक्षांश-रेखांश यायला हवेत. गरोदर बाईचा चेहरा आला नाही तरी चालते.

८. मुले.

आता इथवर आलातच आणि घड्याळात अकरा वाजले असतील, तर मुलांकडे वळायला हरकत नाही. साधारण चाळीस मिनिटे मिळतील.

दाराशी एक तीन वर्षांचा उभा असेल. चौकट दोन्ही हातांनी धरून, नाक गळते आहे, आत यायचे नाही आणि घरीही जायचे नाही. आई कामावर गेली. त्याला उचलू नका, लाथा मारील. समजावू नका, आवाज वाढेल. त्याच्याकडे लक्ष नसल्यासारखे करा आणि बाकीच्यांना मोठ्याने म्हणा, 'अरे, थाळ्या कोण वाटणार आज? मला तर माणूसच मिळेना.' हे दोनदा म्हणा. तिसऱ्यांदा म्हणू नका. तो चौकट सोडील. एका हाताने. थाळ्यांचा ढीग त्याच्यापासून दोन पावलांवर सरकवा आणि पाठ फिरवा. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज येईल. थाळी पडेल, पडू दे. तो एक-एक मुलापुढे थाळी ठेवील, स्वतःच्या बहिणीपुढे दोन. 'किती राहिल्या रे?' विचारा. तो बोटे बघून म्हणेल, 'लई.' झाले शाळापूर्व शिक्षण: एकास एक संगती, मोजणी, मोठा-लहान गट. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत याला चार पाने लागली आहेत.

हे ज्ञान कुणाला दाखवू नका. याचे प्रमाणपत्र नसते, आणि ज्याचे प्रमाणपत्र नसते ते अकुशल. गवंड्याला कुशल मजुरी मिळते, कारण त्याची वीट चौकट धरून रडत नाही.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर नेमके हेच करत होत्या. पाड्यावरची मुले शाळेत येईनात म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात म्हणून ती कुरणात नेली. साहित्य काय, तर शिंपले, खडे, बिया, पाने. त्या दोघींना पुढे पद्म सन्मान मिळाले आणि तुमच्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये त्यांच्या तसबिरी असतात. त्यांना नमस्कार करा, पण नक्कल करायला जाऊ नका. कुरणात रेंज नाही आणि शिंपल्यांची नोंद ॲपवर होत नाही. ताराबाईंना आधी चाळीस मुलांची हजेरी फोटोसह पाठवावी लागली असती तर गुरे संध्याकाळी घरी परतली असती आणि शाळा तशीच भरायची राहिली असती.

चाळीस मिनिटे संपली. एक गाणे म्हणून घ्या. गाणे चालू असतानाच फोन वाजेल. एका हाताने टाळी वाजवता येत नाही हे लोक उगाच म्हणतात. मांडीवर वाजवा.

९. रजा.

जागेअभावी हा मुद्दा गाळला आहे.

१०. निवृत्त व्हा.

सगळे नीट पार पडले तर एक दिवस तुमचे वय भरते. तोवर गावातल्या निम्म्या तरुणांचे पहिले वजन तुम्ही घेतलेले असते. त्यांतला एखादा ग्रामपंचायत सदस्य होऊन तुम्हाला 'अंगणवाडी वेळेवर उघडत नाही' अशी नोटीस काढतो. त्याच्या करदोड्याचे ग्रॅम आठवा आणि सोडून द्या.

राज्याच्या योजनेत सेविकेला एकरकमी १ लाख आणि मदतनीसताईंना ७५ हजार ठरलेले आहेत. शिवाय २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात निकाल दिला की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा तुम्हालाही लागू आहे. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला तुम्ही नोकर आहात हे पटले! आता फक्त तालुक्याच्या कारकुनाला पटायचे आहे. निकालाची प्रत लॅमिनेट करून घ्या, कारण ती बऱ्याच टेबलांवर फिरणार आहे आणि प्रत्येक टेबलावर चहा सांडतो. 'वरून काही आलं नाही' असे कुणी म्हटले, तर याहून वर कोण, असे विचारू नका. ते खरेच सांगतील.

शेवटच्या दिवशी चार्ज द्यायचा. यादी अशी: किल्ली एक. जुनी ११ रजिस्टरे, जी ॲप आल्यावर बंद झाली होती आणि ॲप बंद पडते म्हणून चालू होती. स्प्रिंगचा काटा एक, झोळीसह, झोळी धुतलेली. दंडघेराची पट्टी, लाल भागाशी विटलेली. कुकर, शिट्टी नसलेला. सतरंजी. कोरी तारीख असलेला बॅनर एक. मोबाइल एक, चार्जर तुमचा असल्याने तो काढून घ्या. थाळ्या ४०, पैकी हजर ३७.

उरलेल्या तीन थाळ्या कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक असते: एक त्या लाल पट्टीवाल्या पोराच्या घरी, एक म्हशीपुढे, एक सरपंचांच्या गच्चीवर पापड वाळत घालायला. नाव कुणाचे घेऊ नका. 'गहाळ' लिहा, रक्कम भरा आणि पावती घ्या. नव्या ताई किल्ली घ्यायला दारात उभ्या असतील. त्यांच्या मोबाइलमध्ये ॲपची नवी आवृत्ती उतरत असेल, तोवर ही पुस्तिका त्यांना द्या.